पिकअपला पिकअपच नाही! स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर महिनाभर वापरला, त्याचा रिव्ह्यू

रिव्ह्यू एका अगदी साध्या वस्तूचा आहे. काडेपेटीपेक्षा जरा मोठा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः नोंदवून सांगायची सोय), स्टिअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं त्यात खुपसायचा, मोबाईलवर ॲप टाकायचं आणि गाडीच्या पोटात काय चाललंय ते वाचायचं. ५ पैकी साडेतीन स्टार देतोय. अर्धा स्टार त्याने माझ्याकडून जो नको तो पार्ट घ्यायला लावला त्याचा कापला, खरं तर त्यात चूक माझीच जास्त होती पण स्टार तर त्याचेच कापणार ना. उरलेला एक का कापला ते पुढे येईलच.

आधी गाडीचं सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. २० वर्षं जुनी पिकअप, २.४ लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, साधा गिअरबॉक्स, सामान वाहून वाहून मागचा हौदा पार चेपलेला पण इंजिनने कधी त्रास दिला नव्हता. मग हळूहळू दोन रोग एकदम लागले. एक म्हणजे उभी असताना थरथर, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवली की बाजूच्या आरशात मागची गाडी दोन-दोन दिसायची, आरपीएमचा काटा ७५० वरून ५५० ला यायचा, आता बंद पडते की काय असं वाटेपर्यंत खाली जायचा आणि परत उचलायचा. आणि दुसरं म्हणजे दम नाही. ॲक्सिलेटर दाबला की आधी विचार करायची, मग एक झटका, मग कुठे हलायची. मोकळी असताना सरळ रस्त्यावर चालून जायचं, पण माल भरून चढ लागला की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि मागचे हॉर्न वाजवतायत. नाव पिकअप आणि पिकअपच नाही, हा विनोद घरात इतक्या वेळा करून झाला की आता कोणी हसत पण नाही.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं कान लावून ऐकलं आणि म्हणाला मिसिंग मारतेय, प्लग बदलू. बदलले. मग म्हणाला कॉईल गेली असणार, ती पण बदलली. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, साफ केली. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी वाटायची (पैसे दिले की बरीच वाटते) आणि तिसऱ्या दिवशी परत आरसा थरथर. त्याला दोष देत नाही फार, प्लग तसेही म्हातारे झाले होते, पण अंदाजाने पार्ट बदलत राहणं हे निदान नाही, तो जुगार आहे आणि पैसे माझे आहेत. म्हणून म्हटलं आपणच बघू, आणि हा स्कॅनर, म्हणजे डोंगल, मागवला.

पहिला डोंगल कनेक्टच झाला नाही. मोबाईलशी जोडला गेला, पिन १२३४ टाकली, दिवे लुकलुकले, पण गाडीशी बोलायला गेला की "वाहन सापडलं नाही". मला वाटलं सॉकेटच मेलंय. मग जरा वाचल्यावर कळलं भानगड काय आहे ते. हे सगळे स्वस्त डोंगल ईएलएम ३२७ नावाच्या चिपच्या नकला असतात, मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी २०२२ मध्ये बंद पण झाली, आणि नकलांवर व्हर्जनचा जो आकडा छापतात त्याला काही अर्थ नसतो. गंमत म्हणजे "व्हर्जन १.५" म्हणून जे सर्रास विकलं जातं ते मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं! नक्कल करताना काही जण जुन्या गाड्यांची भाषाच गाळून टाकतात. नव्या गाड्या बहुतेक कॅन नावाच्या भाषेत बोलतात, अमेरिकेत २००८ पासून ती सक्तीचीच झाली, पण त्याआधीच्या गाड्या चार-पाच वेगवेगळ्या भाषांत बोलायच्या. माझी त्यातली. घेण्याआधी एक सोपं काम करा जे मी केलं नाही, टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये बघा. ६ आणि १४ नंबरच्या जागी पितळी पिन दिसली तर बहुतेक कॅन आहे, तिथे रिकामं आणि ७ नंबरला पिन असेल तर जुनी के-लाईन, आणि २ नंबरला असेल तर अजून वेगळी जुनी पद्धत. मग डोंगलच्या माहितीत तुमची भाषा लिहिलीय का ते बघून घ्या. आणि सॉकेट दिसलं म्हणजे गाडी ओबीडी-दोन (या सोयीची सगळ्यांसाठी ठरवलेली एकच पद्धत) झाली असं पण नाही, अमेरिकेत १९९६ च्या आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ च्या आसपासपासून ते सक्तीचं झालं, त्याच्या आधीची गाडी असेल तर नशिबावर. आयफोनवाल्यांनी अजून एक बघावं, साधा ब्लूटूथवाला त्यावर चालत नाही, वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला लागतो.

पहिला परत पाठवला, दुसरा थोडा बरा घेतला, तो लागला. चावी फिरवली, बारा सेकंद काहीच नाही, आणि मग मोबाईलवर कूलंटचं तापमान आलं आणि मी एकटाच गाडीत बसून लहान पोरासारखा खूश झालो.

दोन कोड, म्हणजे गाडीने नोंदवून ठेवलेले बिघाडाचे नंबर, निघाले. पी ०३००, म्हणजे मिसफायर होतंय, मिश्रण धड पेटत नाहीये, पण एका ठराविक सिलिंडरमध्ये नाही, कुठेही. आणि पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त पेट्रोल कमी. आता इथे माझी चूक सांगतो. ॲपने कोडच्या खाली "संभाव्य कारणं" म्हणून यादी दिली होती आणि तिच्यात वरच्या नंबरावर ऑक्सिजन सेन्सर (जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघणारा). मी शहाणा, सेन्सर मागवला, सायलेन्सरच्या पाईपखाली आडवा पडून तासभर पान्याशी झटापट करून, बोटं सोलून बदलला, कोड उडवला, तीन दिवसांनी कोड परत. मेव्हण्याला फोन केला, तो अशा कामात मुरलेला आहे, तर तो म्हणतो भाऊजी, सेन्सर ओरडून सांगतोय की हवा जास्त आहे आणि तुम्ही ओरडणाऱ्यालाच बदललंत. आणि वर कोड उडवलात म्हणजे फ्रीझ फ्रेम पण गेली. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणाचा फोटो, आरपीएम किती होतं, इंजिन गरम होतं की गार, लोड किती, हे सगळं गाडी जपून ठेवते आणि कोड उडवला की ते पण पुसलं जातं. तर कोड उडवायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, एवढं एक ऐका माझं.

मग त्याने सांगितलं कोड सोडा, लाईव्ह डेटा उघडा आणि फ्युएल ट्रिम बघा. हाच या डोंगलचा खरा उपयोग आहे आणि त्याच्या जाहिरातीत याबद्दल एक शब्द नसतो, तिथे फक्त "४००० कोड वाचतो" वगैरे.

फ्युएल ट्रिम म्हणजे काय तर कॉम्प्युटर ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी टाकतोय तो आकडा. दोन असतात, शॉर्ट टर्म म्हणजे आत्ता ह्या घडीचा, सारखा नाचत असतो, आणि लाँग टर्म म्हणजे त्याने अनुभवाने शिकून ठेवलेला. दोन्हीची बेरीज बघायची. शून्याच्या अलीकडे-पलीकडे ५ असेल तर झकास, १० पर्यंत चालवून घेतात. माझ्या गाडीत इंजिन गरम करून आयडलला (न्यूट्रलमध्ये, रेस न देता) बघितलं तर लाँग टर्म +१८ आणि शॉर्ट टर्म +५ ते +७ मध्ये नाचतोय. म्हणजे कॉम्प्युटर बिचारा जवळपास पाव हिस्सा जास्त पेट्रोल ओततोय आणि तरी सेन्सर म्हणतोय कमी पडतंय. मग मेव्हणा फोनवरूनच म्हणाला, आता २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरा. धरलं, तर बेरीज हळूहळू खाली येत +७ वर स्थिरावली.

तो म्हणाला झालं, व्हॅक्यूम लीक. कुठूनतरी चोरून हवा घुसतेय.

मी विचारलं कसं काय, तर त्याने जे सांगितलं ते मला इतकं पटलं की तसंच लिहितो. तांब्याभर पाणी कळशीत ओतलं तर कळतं, विहिरीत ओतलं तर काय कळणार? आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो, इंजिन थोडीशीच हवा ओढतं, आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाईपांत) व्हॅक्यूम जोरात असतो, तर भोकातून येणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा होते. रेस दिली की इंजिन मोप हवा थ्रॉटलमधूनच घेतं, मग त्या भोकाचा हिस्सा नगण्य. म्हणून आयडलला ट्रिम जास्त आणि रेसवर कमी होत असेल तर व्हॅक्यूम लीक शोधायचा. उलट असेल, आयडलला ठीक आणि रेसवर किंवा लोडवर वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअर फ्लो सेन्सर मळून हवा कमी मोजतोय. एक अट आहे, हा हिशोब हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीला लागू. ज्या गाडीत तो नाही आणि नुसत्या मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा) काम चालतं तिथे लीक झाला की बरेचदा ट्रिम बिघडण्याऐवजी आयडलच वाढलेलं दिसतं.

आता लीक शोधायचा कुठे. कार्ब क्लीनरचा फवारा मारून शोधणारे लोक आहेत, मला चालू इंजिनवर, गरम सायलेन्सरशेजारी पेटणारी वस्तू उडवायची हिंमत नव्हती, मी झाडांवर पाणी मारायची बाटली घेतली. इनटेकच्या एकेक जोडावर थोडं थोडं पाणी आणि एक डोळा मोबाईलवर. मॅनिफोल्डच्या गास्केटवर काही नाही, ब्रेक बूस्टरच्या पाईपवर काही नाही. हवेच्या मोठ्या घड्यांच्या रबरी पाईपच्या घड्या बोटांनी फाकवून बघितल्या, शाबूत. मग टॅपेट कव्हरमधून मॅनिफोल्डकडे जाणारी पीसीव्हीची नळी (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत ओढून नेणारी), बोटाएवढी, तिचं कोपरासारखं वळण. वरून एकदम धडधाकट. खाली बोट घातलं तर रबर ऑईल पिऊन फुगून मऊ झालेलं, आणि बोटाच्या टोकाला थंडगार हवा ओढल्यासारखी लागली. आरसा खाली धरून बघितलं तर नखाएवढी चीर, ओठ उघडे.

त्यावर अंगठा दाबला. इंजिन एक क्षण गुदमरलं, मग असं सुतासारखं चालायला लागलं की मी अंगठा काढेना. मोबाईलवर शॉर्ट टर्म +६ वरून सरळ खाली, -१४, -१५. म्हणजे लाँग टर्म अजून जुन्या सवयीने १८ टक्के जास्त ओततोय आणि शॉर्ट टर्म म्हणतोय अरे बास, पुरे. अंगठा काढला की परत प्लसमध्ये आणि आरसा थरथर. चार-पाच वेळा करून बघितलं, खरं सांगतो निव्वळ मजा म्हणून. तेवढ्या क्षणासाठी डोंगलचे पैसे वसूल, ऐकून कळलं असतं हेही खरं, पण आकड्याने सांगितलं की हाच आणि एवढाच, दुसरं कुठे शोधत बसू नका. नळी बदलली, बॅटरीचं टर्मिनल काढण्यापेक्षा डोंगलनेच मेमरी साफ केली, थोडी फिरवून आणली, आयडलला बेरीज +३-४. मिसफायरचा कोड त्यानंतर आलेला नाही.

पण पिकअप अजून नाहीच!

इथे बहुतेक जण फसतात असं मला वाटतं, एक बिघाड सापडला की सगळं त्याच्यावर ढकलून मोकळे होतात. थरथर गेली होती, पण चढावर तीच रडारड. आता हे उभ्या गाडीत दिसणारं दुखणं नाही, लोडवर बघायला पाहिजे, आणि चालवताना मोबाईलकडे बघणं मूर्खपणा आहे, म्हणून बायकोला शेजारी बसवलं. ती आकडे वाचत होती, मी चालवत होतो, आणि ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. रेकॉर्डिंग ही फार कामाची सोय आहे, घरी येऊन निवांत आलेख बघता येतो.

चढावर पूर्ण ॲक्सिलेटर दिला तर काय दिसलं? कॅल्क्युलेटेड लोड, म्हणजे इंजिनवरचा भार, ८५ टक्क्यांच्या वर, हवेचा आकडा आरपीएमबरोबर व्यवस्थित चढतोय, पण पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.१ व्होल्टला चिकटून बसलेला. पूर्ण रेस दिली की कॉम्प्युटर मुद्दाम मिश्रण जाड करतो, म्हणजे पेट्रोल वाढवतो, तेव्हा हा साधा जुना सेन्सर ०.८-०.९ दाखवायला पाहिजे (काही गाड्यांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, तिथे हे व्होल्ट लागू नाहीत). म्हणजे बघा, हवा आत येतेय आणि बाहेरही जातेय. सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलं असतं तर हवेचा आकडा चढलाच नसता, श्वास बाहेर गेल्याशिवाय नवा आत येत नाही. ती मोठी भीती होती, ती एका चढात गेली. एअर फ्लो सेन्सर मळला असेल अशी शंका मेव्हण्याला होती, पण तो आयडलला गरम इंजिनवर सेकंदाला अडीच ग्रॅमच्या आसपास दाखवत होता आणि ठोकताळा असा की जितके लिटरचं इंजिन साधारण तितके ग्रॅम, तर ते बसत होतं, लोडवरही आकडा कुठे अडत नव्हता. तरी त्याच्यासाठी मिळतो तो खास स्प्रे मारून घेतला, हात किंवा कापड लावायचं नाही त्या तारेला. फरक शून्य. राहिलं काय? पेट्रोल.

आणि इथे डोंगल संपतो. माझ्यासारख्या जुन्या गाडीत पेट्रोलच्या लाईनमध्ये प्रेशरचा सेन्सरच नाही, तर तो वाचणार काय. कितीही भारी स्कॅनर आणा, गाडीत जो सेन्सर नाही त्याचा आकडा कुठून येणार. मेव्हण्याकडून साधा काट्याचा प्रेशर गेज आणला, पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवून लाईनमधलं प्रेशर सोडलं, मग जोडला. हे करताना सिगारेट, मोबाईल चार्जर, चालू बल्ब काही जवळ नको, आणि ज्याला सवय नाही त्याने जाणकाराकडूनच करून घ्या. आयडलला काटा ३५ पीएसआय, रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा) व्हॅक्यूम नळी काढली की ४४, दोन्ही गाडीच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर. एवढंच बघून सोडलं असतं तर म्हटलं असतं पंप एकदम टकाटक. पण गेजची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर टेपने चिकटवला (बाहेरून, गाडीच्या आत पेट्रोलची नळी कधीच घ्यायची नाही) आणि तोच चढ. काटा ४० वरून हळूहळू ३०, मग २५, आणि गाडीने तिथेच मान टाकली.

फिल्टर काढला. चेसिसच्या आतल्या बाजूला असा बसलेला की गॅरेजवाल्याला कधी दिसलाच नसावा, बोल्टवर वर्षानुवर्षांचा चिखल. आत येण्याच्या बाजूने पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात उलटा केला तर पेट्रोल नाही, काळ्या शाईसारखं काहीतरी आलं, खाली बारीक गंज बसला. जुन्या फिल्टरमधून तोंडाने फुंकून बघतात तसलं काही करू नका, डब्यात जे पडलं तेवढं पुरे होतं. नवा फिल्टर टाकल्यावर त्याच चढावर काटा ४२ च्या खाली आला नाही, सेन्सर ०.८५, आणि तिसऱ्या गिअरवर माल घेऊन वर. बायको म्हणाली एवढ्यासाठी महिना घालवलास?

आता डोंगलच्या तक्रारी. स्पीड. जुन्या भाषेत गाडी इतकी सावकाश बोलते की ॲपच्या स्क्रीनवर बारा मीटर लावले तर प्रत्येक आकडा तीन-चार सेकंदांनी हलतो, काही उपयोग नाही. एका वेळी तीनच लावा, आरपीएम आणि दोन ट्रिम, किंवा आरपीएम, हवा आणि ऑक्सिजन सेन्सर. दुसरं, प्रत्येक सिलिंडरमध्ये किती मिसफायर झाले ते मोजून दाखवतो असं लिहिलं होतं, माझ्या गाडीत ते पान रिकामं येतं. नव्या कॅनवाल्या गाड्यांत ते येतं, जुन्या गाडीत त्यावर विसंबू नका. मी शेवटी एकेका इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणारा) वायरचा प्लग काढून कुठल्या सिलिंडरला फरक पडत नाही ते बघितलं, जुनीच पद्धत. तिसरं, सॉकेट गुडघ्याच्या उंचीला आहे आणि हा बाहेर येतो, क्लच दाबताना दोनदा माझाच गुडघा लागून निघाला, ऐन रेकॉर्डिंगमध्ये. चौथं, गाडी बंद केली तरी त्याचा दिवा चालूच, कारण १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा सरळ सप्लाय असतो. आठवडाभर तसाच विसरलो आणि जुन्या बॅटरीने सकाळी फक्त टिकटिक केलं. काम झालं की काढून ठेवा. आणि ती "संभाव्य कारणं" यादी, तिच्याबद्दल आता अजून काय बोलणार, तो नवा सेन्सर निदान नवा तरी आहे.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर हे घेऊच नका, तिच्यात वाचायला काहीच नाही. जुनी डिझेल पिकअप असेल तरी मी वर लिहिलेला ट्रिमचा खेळ तिथे चालत नाही, तिथे फिल्टर, हवेचे पाईप, इंजेक्टर, ईजीआर असा वेगळाच प्रवास आहे. आणि एकच आणायचं असेल तर डोंगल की व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम दाखवणारा काटा) असं कोणी विचारलं तर पेट्रोल गाडीसाठी मी डोंगल म्हणेन, पण अगदी थोड्या फरकाने, कारण गेजला ना ॲप लागतं ना भाषा. आयडलला काटा १७ ते २१ इंचात (पाऱ्याचे इंच) स्थिर असला की बरं, सारखा थरथरत असेल तर इग्निशन किंवा व्हॉल्व्हकडे बघा, आणि २५०० वर धरून ठेवल्यावर हळूहळू खाली उतरत गेला तर सायलेन्सर तुंबलाय, एवढं तो न बोलता सांगतो.

गाडी आता ठीक आहे. फक्त पहाटे गार असताना पहिली वीस-तीस सेकंद अजून जराशी घरघर करते. ट्रिम बघून तिथे काही कळत नाही, गार इंजिनला कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही, शॉर्ट टर्मचा आकडा शून्यावर बसून असतो. आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह काजळीने धरलेला असणार असा माझा अंदाज आहे, रविवारी काढून साफ करतो. गास्केट आधी आणून ठेवलंय, या वेळी फक्त गास्केट.